ह्यांच्यासाठी साधा फोन

"साधासा फोन दाखवा" म्हणत दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तो स्वतःसाठी मागत नसतं. मुलगा वडिलांसाठी मागतो, सून सासूसाठी, बायको नवऱ्यासाठी. ज्याच्या हातात फोन जायचा तो माणूस तेव्हा रानात असतो, देवळात असतो किंवा घराच्या ओट्यावर बसलेला असतो, आणि त्याला कुणी काही विचारलेलं नसतं. वाईत एसटी स्टँडजवळ माझं मोबाईलचं दुकान आहे. महागडा फोन विकणं सोपं, साधा फोन विकणं अवघड, हे मी इतक्या वर्षांच्या धंद्यावरून सांगते. महागड्या फोनचं गिऱ्हाईक आधी चार ठिकाणी चौकशी करून आलेलं असतं आणि पुढचं त्याचं ते शिकतं. साधा फोन मात्र नाही जमला, तर तक्रारसुद्धा येत नाही. तो गुपचूप कपाटात जातो, साड्यांच्या घडीखाली किंवा बँकेच्या पासबुकांशेजारी, आणि घरचे म्हणतात, "आमच्या दादांना फोनचं वावडंच आहे."

माझ्या घरातच असे दादा आहेत. माझे यजमान. हळद आणि ऊस करतात, थोडा भाजीपाला. यंत्राला भिणारे ते नव्हेत. स्टार्टरचे कॉन्टॅक्ट काळे पडले तर स्वतः घासून बसवतात, फुटव्हॉल्व्ह बदलायला विहिरीत उतरतात, मोटारीचा नुसता आवाज ऐकून बेअरिंग गेलंय की फेज गेलाय ते सांगतात. वस्तीवरचे लोक त्यांना मोटार दाखवायला बोलावून नेतात. तरीही मोबाईल म्हटलं की मान हलवायचे. एकदा मी नेट लावून विचारलं, तेव्हा म्हणाले, "मोटार मी चालू केली की चालते, मी बंद केली की थांबते. तुझी ही वस्तू मला न विचारता वाजते."

मला हे उत्तर तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं. लोक याला अडाणीपणा म्हणतात. मी म्हणत नाही. दुकानात येणाऱ्या कितीतरी वयस्कर माणसांचं दुखणं नेमकं हेच असतं, फक्त त्यांना ते इतक्या नीट शब्दांत मांडता येत नाही. त्यांना बटणांची भीती नसते. आपल्या हातातली वस्तू आपल्या हुकमात नाही, हे त्यांना सोसत नाही.

आमचं दुकान आधी एसटीडी बूथ होतं. सासऱ्यांनी घातलेलं. काचेची केबिन, बाहेर पिवळा बोर्ड, आत बिल छापणारं यंत्र. लग्नानंतर मी तिथे बसायला लागले. मोबाईल आले तेव्हा आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे, त्यामुळे गावाकडच्या माणसाला त्याचं काही वाटायचं नाही. २००३ साली इनकमिंग फुकट झालं आणि त्याच वर्षी नोकियाचा ११०० निघाला. वरच्या टोकाला टॉर्च, धूळ आत जाऊ नये म्हणून एकसंध रबरी कीपॅड, घामेजल्या हातातून सटकू नये म्हणून कडेला खरबरीत पकड. जगभरात त्याचे २५ कोटींवर नग खपले. तो फोन ज्यांनी घडवला त्यांनी उन्हातान्हात काम करणारी माणसं नीट पाहिली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यानंतर फोन पातळ झाले, रंगीत झाले, पण वापरणाऱ्या हाताचा तेवढा विचार मला फार थोड्या फोनमध्ये दिसला.

हे त्या ११०० लाही बधले नाहीत. टॉर्च दाखवला तर म्हणाले, "माझी बॅटरी आहे की." कुणाला ह्यांच्याशी बोलायचं असलं की फोन दुकानात यायचा आणि मी रानाकडे निघालेल्या कुणाच्या तरी हाती निरोप धाडायची. सांगलीचा अडत्यासुद्धा हळदीचा भाव मलाच सांगायचा. अशी पुष्कळ वर्षं निभावली, आणि खरं सांगायचं तर बरी निभावली.

प्रश्न आला तो रात्रीच्या पाण्याचा. शेतीची थ्री फेज लाईट आमच्याकडे पाळीपाळीने, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रपाळी असली की हे जेवून, बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघायचे. आमचं रान धोमच्या वाटेला, डोंगराच्या पायथ्याशी. बिबट्याचा वावर आहे, सापकिरडू आहे. एका रात्री पाटाच्या कडेला पाय सरकला आणि घोटा मुरगळला. पाऊल टाकता येईना. पहाटे दूध घालायला निघालेल्या शेजाऱ्याने हाक ऐकली, तोवर हे मोटारीच्या खोलीपाशी भिंतीला टेकून बसून होते. घरी आणलं तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "मोटार बंद केलीये." मी काही बोलले नाही. मनाशी ठरवलं की आता ह्यांच्याकडे फोन हवाच, आणि त्यांनी आपणहून खिशात घालावा असाच हवा.

मुलगा चाकणला कंपनीत आहे. बातमी कळताच तो चांगला टच स्क्रीनचा फोन घेऊन आला. त्याच्या मायेत काही कमी नव्हतं. ते दिवस हळद शिजवण्याचे होते. त्या दिवसांत ह्यांचे हात बघण्यासारखे असतात. पेरापेरांत पिवळा रंग बसलेला, नखांच्या कडा काळपट, तळव्याला आणि बोटांच्या टोकांना भेगा, त्या भेगांत हळदीची बुकणी. अंगठ्यावरच्या रेषा इतक्या झिजलेल्या की रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, पुन्हापुन्हा पुसून ठेवावा लागतो. अशा अंगठ्याने काचेवर 'सरकवायचं' कसं? मुलगा शेजारी बसून दाखवत होता, "दादा, हलकं, अगदी हलकं." ज्या हाताला जोर लावायची सवय, त्याला हलकं म्हणजे किती हे सांगता येत नाही. फोन उचलायला जावं तर तो कटायचा. ओल्या हाताला तर काच दादच देत नव्हती. शेवटी ह्यांनी तो फोन फडक्यात गुंडाळून मुलाच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्या आईला दे. तिला लागतो." खरंच मला तो लागतो. ई-पीक पाहणी मीच करते. २०२१ च्या १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद शेतात उभं राहून मोबाईलवरून करायची सोय झाली, तेव्हापासून आमच्या बांधावर फोन घेऊन फिरणारी मी आणि पीक दाखवणारे ते, अशी वाटणी आहे.

मग मी माझ्या रीतीने शोध सुरू केला. साधा फोन शोधताना लोक आधी किंमत विचारतात, नंतर रंग. मी आधी रेंज बघते. दुकानात चार काड्या दाखवणारा फोन डोंगराच्या आडोशाला मुका होतो. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घेऊन मी रानात गेले. विहिरीपाशी, मोटारीच्या खोलीत, पार खालच्या ताटीपर्यंत प्रत्येक सिमवरून दुकानातल्या मुलीला फोन लावून पाहिला. मोटारीच्या खोलीत एकाच कंपनीचा आवाज तुटत नव्हता. फोन कुठला घ्यायचा हे निम्मं तिथेच ठरलं, कारण सिम आणि हँडसेट यांचं जमावं लागतं. बटणांच्या फोनमध्ये सरळ दोन जाती आहेत, टूजीवाले आणि फोरजीवाले. जिओला टूजी नाहीच, त्यामुळे त्यांचं सिम टूजीच्या हँडसेटमध्ये चालत नाही. माझ्याकडे 'नवा फोन बंद पडला' म्हणून येणाऱ्यांत हे कारण कायम असतं. कुणीतरी स्वस्तात टूजीचा डबा आणतो, घरातलं जिओचं सिम त्यात घालतो आणि फोनला बोल लावतो. उलट टूजीच्या हँडसेटची बॅटरी छोटी असूनही कितीतरी दिवस टिकते. फोरजीच्या बटणांच्या फोनला चार्जर लवकर शोधावा लागतो. ज्याला चार्जिंगची आठवण राहत नाही त्याच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

२०१७ साली जिओफोन आला आणि बटणांच्या फोनमध्ये इंटरनेट शिरलं. ज्यांना व्हिडिओ बघायचेत, नातवंडांचे फोटो बघायचेत, त्यांच्यासाठी ती चांगली सोय झाली आणि मी ते फोन आनंदाने विकले. पण मेनूत जितक्या जास्त चौकटी, तितक्या ह्यांच्यासारख्या माणसाला वाट चुकायच्या जागा जास्त. ह्यांना चौकटीच नको होत्या.

दुकानातून चार-पाच वेगवेगळे फोन मी घरी आणले आणि एका रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर मांडले. दिवा घालवला. म्हटलं, "अहो, यातला टॉर्च लावून दाखवा." ह्यांना हा प्रकार आवडला, कारण यात त्यांना कुणी शिकवत नव्हतं. ते फोनला तपासत होते. एकात टॉर्च मेनूच्या आत होता. तो त्यांनी लगेच बाजूला सारला. एकात मधलं बटण दाबून धरावं लागत होतं, पण ते बटण इतकं सपाट की बोटाला लागतच नव्हतं. एकाची बटणं छान उठावदार होती, पण दाबलं की आकडा मोठ्याने बोलायचा. नजर अधू असलेल्यांना ती सोय फार उपयोगी पडते. ह्यांना नको झाली. चौथा हातात घेतला, अंगठा फिरवला, बटणं चाचपली, वरचं बटण दाबून धरलं आणि भिंतीवर उजेड पडला. "अंधारात बटण डोळ्यांनी शोधायचं नसतं," ते म्हणाले. तोच ठरला. ५ च्या बटणावर एक बारीक टिंब असतं, ते त्यांनी आपणहून हुडकलं आणि मला विचारलं, हे कशाला? त्यावरून बाकीचे आकडे न बघता सापडतात, हे सांगितल्यावर म्हणाले, "हे ज्यानं केलं त्याला काम कळतं."

पुढचं काम त्या फोनमधून गोष्टी काढून टाकण्याचं. साधा फोनसुद्धा खोक्यातून साधा निघत नाही. मी सगळ्या ट्यून बंद केल्या आणि जुन्या टेलिफोनची घंटी ठेवली, कारण मोटारीच्या घरघरीत गाणं ऐकू येत नाही, घंटी येते. भाषा मराठी केली. अक्षर मोठं केलं. सिमबरोबर येणाऱ्या जाहिरातींचे संदेश बंद करायला कंपनीला कळवलं. पानभर नावं भरण्याऐवजी मोजकी ठेवली आणि २, ३, ४ या बटणांवर घर, मुलगा आणि शेजारी लावले. बटण दाबून धरलं की फोन लागतो.

एक गोष्ट मात्र मी गिऱ्हाइकाला दोनदा सांगते आणि ह्यांनाही सांगितली. १ जानेवारी २०१७ पासून आपल्या देशात विकायच्या बटणांच्या फोनला संकटाचं बटण असावं असा सरकारी नियम आहे. ५ किंवा ९ दाबून धरलं की ११२ या मदतीच्या नंबरला कॉल जावा, अशी ती सोय. यातलं कोणतं बटण ते फोनप्रमाणे बदलतं, म्हणून घेतानाच विचारून घ्यावं. हजारभराच्या फोनमध्ये ही सोय आहे, हे विकणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसतं. रात्री एकटं रानात जाणाऱ्या माणसासाठी मला ती कॅमेऱ्याहून मोलाची वाटते.

रिचार्जचा मात्र मला मनापासून राग होता. साध्या फोनवाल्याला नेट लागत नाही, तरी त्याला नेटसकट प्लॅन घ्यावा लागायचा. महिन्याला येणाऱ्या आज्ज्या पदराच्या गाठीतून नोटा काढायच्या, "बाई, मी तर नुसती लेकीशी बोलते," म्हणायच्या, आणि माझ्याकडे त्यावर उत्तर नसायचं. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, कंपन्यांना फक्त बोलणं आणि एसएमएस असलेलं रिचार्ज ठेवायला सांगितलं आणि जानेवारी २०२५ मध्ये तसे प्लॅन बाजारात आले, काही तीन महिन्यांच्या आसपासचे, काही वर्षाच्या जवळपास चालणारे. हे प्लॅन दुकानात कुणी मोठ्या अक्षरांत लावत नाही. मी लावलेत. तुम्ही मागितल्याशिवाय ते कुणी तुम्हाला देईलच असं नाही, म्हणून मागा.

इतकं सगळं करूनही फोन ह्यांच्या खिशात राहिला तो यांपैकी कशामुळेही नाही. तो राहिला एका ठरावामुळे. फोन हातात देताना मी विचारलं, "तुम्हाला हा कसा चालेल?" थोडा विचार करून म्हणाले, "मी लावीन तेव्हा तुम्ही उचला. मला लावायचा तर दुपारी जेवायच्या सुट्टीत नाहीतर दिवे लागल्यावर. कामात असताना वाजला तर मी उचलणार नाही, आणि उचलला नाही म्हणून कुणी घाबरायचं नाही." मी मुलाला हे जसंच्या तसं कळवलं. त्याला सुरुवातीला जड गेलं. आमची आजची पोरं 'दोनदा लावला, उचलला नाही' म्हटलं की लगेच कासावीस होतात. पण त्याने पाळलं. आता तो दुपारी बरोबर जेवणाच्या वेळी फोन करतो. हे बांधावर भाकरी सोडून बसलेले असतात आणि बापलेक आधी कधी बोलत नसत इतकं बोलतात. हळदीचा भावही आता सांगलीहून थेट त्यांनाच कळतो.

दुकानात हा अनुभव मला रोज उपयोगी पडतो. मागे एक निवृत्त शिक्षक आले, बायकोसाठी फोन हवा म्हणून. दोन-तीन पाहून त्यांनी एक पसंतही केला. मी म्हटलं, "सर, वहिनींना घेऊन या, मग देते." त्यांना ते जरा लागलं, पण दुसऱ्या दिवशी दोघं आले. वहिनींना उजव्या कानाने कमी ऐकू येत होतं, हे सरांच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्या फोन डाव्या कानाला लावायच्या आणि डाव्या हाताच्या अंगठ्याला संधिवात. त्यांना लागत होता मोठ्या आवाजाचा, मागे स्पीकर असलेला, टेबलावर ठेवून बोलता येईल असा फोन. सरांनी निवडलेला अगदी निराळा होता. आणखी एक आज्जी येतात, पश्चिमेकडच्या वाडीवरच्या. अक्षरओळख नाही. त्यांची मुलं मुंबईत माथाडी कामात. त्यांच्या बटणांवर मी लेकरांचे नंबर लावून दिले आहेत आणि त्या नाव न वाचता, बटणाच्या जागेवरून थोरला कोण आणि धाकटा कोण ते ओळखतात. कधी चुकत नाहीत. अशा माणसाला 'टेक्नॉलॉजी जमत नाही' असं कुणी म्हटलं की मला सहन होत नाही.

एका धोक्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. बटणांचा फोन म्हणजे फसवणूक नाही, असं समजू नका. लिंक दाबायचा धोका टळतो, हे खरं. पण बँकेचा आणि आधारचा ओटीपी त्याच फोनवर एसएमएसने येतो, आणि गोड बोलून तो विचारणारा माणूस कुठल्याही फोनवर फोन करू शकतो. ह्यांना मी सांगून ठेवलंय की आकडे विचारणारा कुणीही असो, सरकारी साहेब असो की बँकेचा, फोन ठेवायचा आणि मला लावायचा. पैसे गेलेच तर १९३० हा नंबर लगेच लावायचा. हा नंबर मी विकलेल्या प्रत्येक साध्या फोनमध्ये भरूनच देते.

तेव्हा तुमच्या घरात कुणासाठी साधा फोन घ्यायचा असेल, तर एकट्याने दुकानात येऊ नका. ज्यांना तो वापरायचाय त्यांना घेऊन या. त्यांचा रोजचा चष्मा आणा, चालू असलेलं सिम आणा, ज्या चार-पाच माणसांशी ते खरंच बोलतात त्यांचे नंबर कागदावर लिहून आणा. आणि बाजाराचा दिवस सोडून सकाळी या. तेव्हा गर्दी नसते, फोन त्यांच्या हातात देऊन निवांत बसता येतं.